अकरा एकांचे आप्पा

दौंडच्या आप्पांच्या खोलीत, जिथे इतरांकडे देवाची तसबीर असते, तिथे खडूने एका ओळीत अकरा एक लिहिलेले होते. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. ही संख्या ते स्तोत्रासारखी म्हणत.

गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले आप्पा मूळचे कवठे येमाईचे. बोली त्यांनी कधी बदलली नाही. मला म्हणत, "शास्त्रीबुवा, ह्ये अकरा रुद्र हायेत. ह्याला भाग जायचा न्हाई. पण नुसतं मानून कसं चालंल? तपासाया पाहिजे." बावीसच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्यांनीच हा आकडा फुटला तर फुटेल, हे त्यांनी सिद्ध केले होते. तेवढ्या मूळ संख्या क्रमाने घेऊन ते भागत बसत. भाच्याने कुरकुंभच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरवर उत्तर काढून देतो म्हटले, तर म्हणाले, "तू तुझी शिफ्ट सांभाळ."

काकू दारातून म्हणत, "अहो, त्ये फुटायचं तवा फुटंल. चहा निवतोय."

मग काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि प्रकृतीही ढासळली. डोळे मिटण्याआधी एवढे कळावे, इतकीच त्यांची इच्छा उरली. दर गुरुवारी मी शिरूरच्या संस्कृत पाठशाळेतून एस.टी.ने जाई. भागाकार मी मांडी, ते पडल्या पडल्या ऐकत. "सात न्हाई, आठ. दमलात तुम्ही." दमलो होतोच, दोघेही.

एका दुपारी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भागता भागता माझा आवाज थांबला.

"बाकी किती?"

"शून्य, आप्पा."

त्यांची संख्या माझ्या हातून दुभंगली होती. त्यांनी भागाकार किती आला ते विचारले. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. काकू कपबशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"म्हंजी दोन हायेत," आप्पा सावकाश म्हणाले. "आन् ह्या दोघांना आता कुणी फोडत न्हाई, बुवा. फोडणारा असता तर आधीच भेटला असता. धाकट्या समद्या भाजकांना आपण विचारूनच आलोय."

त्या दिवशी त्यांनी पुढचा भाजक सांगितला नाही. चहा निम्मा घेतला आणि भिंतीकडे कूस वळवली.

थंडीत आप्पा गेले. आता एखाद्या श्लोकाचा अर्थ लागला असे वाटले, तरी मी तो विद्यार्थ्यांना लगेच सांगत नाही. कितीही थकलेलो असलो तरी जुन्या साऱ्या टीकाग्रंथांना एकदा विचारून येतो.