नांदेडला सहा अक्षरं

"थांबा सर. मला कळून नाही राहिलं," असं म्हणून बाई पेन्सिल वर करायच्या आणि मी खडू खाली ठेवायचो. कारण थोड्याच वेळात सगळ्या वर्गाला कळायचं, की खरं तर कळलेलं मलाच नाही.

नांदेडात मी कॉम्प्युटरचा क्लास घेतो. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आलो, एवढ्यावर लोक मला सर म्हणतात. बाई माझ्या विद्यार्थिनी, मूळच्या देगलूरच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. माझ्या आईपेक्षा मोठ्या, तरी त्याही मला सर म्हणायच्या.

आम्ही जावास्क्रिप्टमध्ये शब्द ओळखायचा खेळ तयार करत होतो. काळ्या स्क्रीनवर रेघा दिसतात. एकेक अक्षर टाइप करायचं, बरोबर निघालं की रेघेच्या जागी ते उमटतं, चुकलं की एक संधी जाते. यात प्रत्येक अक्षर कन्स्ट्रक्टर नावाच्या कोडच्या तुकड्यातून तयार होतं. तो समजवायला मी फळ्यावर साचा काढला, अख्खा कारखाना काढला, तीन दिवस घालवले. पोरं फळ्याचे फोटो काढत राहिली. बाई म्हणाल्या, "म्हणजे शाळेचा प्रवेश-फॉर्मच की, सर. फॉर्म एकच. भरला की नवं लेकरू. ज्याचं त्याचं नाव वेगळं, हजेरी वेगळी."

तेव्हापासून मी तसंच शिकवतो. उदाहरण कुणाचं आहे ते मात्र सांगत नाही.

पोरांनी खेळात इंग्रजी शब्द घातले. बाईंनी 'नांदेड' घातलं. स्क्रीनवर सहा रेघा आल्या.

"थांबा सर. नांदेडला सहा अक्षरं कधीपासून?"

"कॉम्प्युटर काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजतो, बाई. त्याला चालतं."

"त्याला चालतंय. आमच्या ह्यांना नाही चालणार."

मग त्यांनी सांगितलं. यजमान एसटीत कंडक्टर, आधी हदगाव, मग लातूर गाडीवर. रिटायर झाले आणि लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. "मी गावांची नावं विचारते तर लई चिडतात. बायको मास्तरीण झालेली खपत नाही. मशीनवर कोण चिडतंय?"

'इंग्रजीतच करा की' हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते गिळलं. त्या वर्षातलं माझं तेवढंच शहाणपण.

दोन दिवस खपून मी काना-मात्रा अक्षराला चिकटवल्या आणि छाती काढून वर्गात आलो. बाईंनी लगेच 'अर्धापूर' घातलं. 'र्' एकीकडे, 'धा' दुसरीकडे.

"सर, अर्धापूरचे तुकडे केलेत."

मग त्यांनी खडू घेतला आणि मला तिसरीतलं जोडाक्षर शिकवलं. मी वहीत उतरवून घेतलं. संध्याकाळी खेळ धड चालला, आणि दुसऱ्या दिवसापासून बाई यायच्या बंद झाल्या.

दोन महिन्यांनी मी सर्टिफिकेट घेऊन त्यांच्या घरी गेलो. यजमान ओसरीवर लॅपटॉपसमोर बसले होते. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत होते. संधी संपली की मी 'तुम्ही हरलात!' असं लिहून ठेवलं होतं. बाईंनी ते बदललं होतं. 'असू द्या, परत बघू.'

परत तीन रेघा आल्या. बराच वेळ गेला. 'तू' उमटलं, मग 'र'. मला राहवेना. मी "ला..." एवढं म्हणालो तोच बाईंनी असे डोळे वटारले, की मी तोंड मिटून घेतलं. यजमानांनी 'ला' टाइप केलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"ला... तूर."

आणि मग एकदम स्वच्छ, "लातूर."

"हं, बरोबर," बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "बसा सर, चहा ठेवते." आणि आत गेल्या.

मी मूर्खासारखा बाहेरून ओरडलो, "बाई, साखर कमी टाका."

बराच वेळ आतून गॅस पेटल्याचा आवाज आला नाही.