मुंडक्याचं प्रॅक्टिकल

आमच्या बॅचचे चार डेंटिस्ट जमले की दातांविषयी कुणी बोलत नाही, सरांविषयी बोलतात. परभणीतल्या आमच्या कॉलेजात सर्जरी शिकवणाऱ्या या गृहस्थांचे किस्से इतके साचलेत की एक संपतो न संपतो तोच दुसरा पुढं येतो.

पेशंटच्या तोंडाला हात लावण्याआधी सराव हवा, हे सरांचं लाडकं वाक्य. सरावाला रबरी तोंडाचा एकच पुतळा होता. जबड्याचा स्क्रू ढिला, त्यामुळे तोंड कायम उघडं. दुरुस्ती कधी, असं विचारलं तर म्हणाले, "कशाला? पेशंट सहकार्य करतोय ना!"

*

इंजेक्शनचा सराव मोसंबीवर. तास संपला की मोसंब्या सरांच्या स्कूटरच्या डिकीत. एकदा सुई कुठवर जाते ते दिसावं म्हणून आम्ही पाण्याऐवजी लाल शाई भरली. दुसऱ्या दिवशी सर गुलाबी दात घेऊन आले आणि दात स्वच्छ कसे ठेवावेत यावर तासभर बोलले. कुणी हसलं नाही, कारण मार्क त्यांच्याच हातात होते.

*

मग एकमेकांच्या हिरडीत खरं इंजेक्शन द्यायची पाळी आली. आधी सरांनी टोचून घ्यावं, म्हणजे आमची भीती जाईल, असं एका मुलीनं सुचवलं. सरांना त्याच क्षणी मीटिंग आठवली. आमचे बधिर ओठ ताळ्यावर येईपर्यंत ती चालली.

*

टाके घालायला बोकडाचं मुंडकं. ते ताजंच हवं, औषधात बुडवायचं नाही आणि जिभेला सुई लावायची नाही, अशी सक्त ताकीद. संध्याकाळी मुंडकी पिशवीतून सरांच्या घरी. लाज कशाशी खातात हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

जिंतूरचा भास्कर, शिंप्याचा पोरगा, आमच्यात सगळ्यात सुबक टाके घालायचा. त्यानं एकदा विचारलं, "सर, मुंडकी रोज कुटं जायलीत?" तेव्हापासून त्याला शेरा एकच: गाठ सुटते. दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा झाला असता तर क्लिनिकमध्ये पेशंट बघणं बंद आणि वर्ष पाण्यात.

*

तिसऱ्या परीक्षेच्या वेळी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, औरंगाबादहून टाक्यांचा काळा रेशमी दोरा आलाच नाही. आम्ही उरलेसुरले तुकडे वापरले. भास्करनं बापाच्या दुकानातला निळा दोरा आणला. बाहेरगावच्या परीक्षकांनी टाके बघायच्या आतच सरांनी "गाठ सुटते" म्हणून मुंडकं उचललं. निकालावर परीक्षकांची सही तेवढी बाकी होती.

त्या रात्री परीक्षकांना सरांच्या घरी जेवण. वाढायला भास्कर आणि मी. दुसऱ्याच घासाला परीक्षक थांबले आणि दातांतून त्यांनी गाठीसकट निळा दोरा ओढून काढला. दोन्ही टोकं धरून ताणून पाहिला, पुन्हा ताणला.

"हे काय?"

रश्श्याचं भांडं खाली ठेवून भास्कर म्हणाला, "माझा टाका हाय, सर. शिजला, पण सुटला न्हाई."

परीक्षकांनी हात धुतले आणि सरांकडं पेन मागितलं.