मोडाच्या मुगाला सोड्यांचा वास

टेस्टिंगच्या टेबलावर मोडाच्या मुगाच्या सहा वाट्या मांडल्या होत्या. आमच्या तळोज्याच्या लॅबमध्ये पदार्थाच्या सगळ्या तपासण्या झाल्या की शेवटी स्टाफमधलेच काही जण तो चाखून चवीचे मार्क देतात. पाच जणांनी चमचे उचलले. सुनंदाताईंनी वाटी बाजूला सरकवली.

"मॅडम, आज माझा गुरुवार हाय. मी हे नाय खानार."

मी म्हटलं, ताई, नुसते मूग आहेत.

"मूग हायत, पन त्याच्यावर जे मारलंय त्याचा बीकर मीच धुतला. त्याला सोड्यांचा वास येत व्हता."

सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी. सुनंदाताई जवळच्याच नावडे गावच्या, सोडे त्यांच्या रोजच्या ओळखीचे. लॅबमधली काचेची भांडी कित्येक वर्षं त्याच धुतात. बाकीचे हसले. मला हसता आलं नाही, कारण त्यांचं नाक बरोबर होतं.

मी फूड मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. खाण्याच्या पदार्थांत कोणते जंतू वाढतात आणि ते कसे रोखायचे, हे बघणं माझं काम. हा प्रोजेक्ट गायकवाडांचा होता. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेले गायकवाड खारघरला मोडाची कडधान्यं पाकिटांत भरून विकतात. मोड यायला ऊब आणि ओल लागते, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. त्यात लोक ती कच्ची खातात. एका मोठ्या कॅन्टीनवाल्याने त्यांना सांगितलं होतं, पाकीट फ्रिजमध्ये चार दिवस सुरक्षित राहतं हे दाखवा, काम तुम्हाला देतो. गायकवाडांना रासायनिक काही घालायचं नव्हतं.

आम्ही ओव्याचं तेल निवडलं. त्यातलं थायमॉल जंतू मारतं. अडचण अशी की ते पाण्यात नीट मिसळत नाही, आणि पुरेसं घातलं तर मूग पोटदुखीच्या औषधासारखे लागतात. म्हणून ते नॅनोपार्टिकलमध्ये भरायचं. नॅनोपार्टिकल म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान अशी कुपी. ती पाण्यात पसरते, मुगाला चिकटते आणि आतलं तेल हळूहळू सोडते. थोड्या तेलात काम होतं, वासही दबतो.

कुपीचं कवच आम्ही कायटोसानचं केलं होतं. कायटोसान जंतूंच्या अंगाला छान चिकटतं. आकडे सुंदर आले. आणि कायटोसान बनतं कोलंबी-खेकड्यांच्या कवचापासून.

हे मला माहीत नव्हतं का? कॉलेजपासून माहीत होतं. पण माझ्या डोक्यात ती बाटलीतली पांढरी पावडर होती. गायकवाडांच्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, ही गोष्ट डोक्याच्या दुसऱ्याच कप्प्यात होती. दोन्ही कप्पे त्या गुरुवारपर्यंत एकमेकांना भेटले नव्हते.

मी टेस्टिंग थांबवलं. चमचे उचललेल्यांना कारण सांगितलं. पाचांपैकी एक मुलगी पूर्ण शाकाहारी होती. तिने अजून खाल्लं नव्हतं, हे नशीब. तिने चमचा खाली ठेवला.

मग सावंत सरांच्या केबिनमध्ये गेले. सावंत सर लॅबचे हेड. सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता, पुढे तोच अन्न सुरक्षा खात्याकडच्या परवानगीच्या अर्जाला जोडला जाणार होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, शेवटच्या पदार्थात ते इतकं कमी उरतं की कुणाला कळणारही नाही. मी म्हटलं, कोलंबीची ॲलर्जी असलेल्याला किती कमी चालेल, याची खात्री मी देऊ शकत नाही. आणि गुरुवार पाळणाऱ्याच्या बाबतीत तर कमी-जास्तचा प्रश्नच नाही.

त्यांनी रिपोर्टचा ड्राफ्ट माझ्यासमोर सरकवला. "'नैसर्गिक बायोपॉलिमर' असं लिहिलंय. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. अडचण वेगळीच होती. ते शब्द मीच लिहिले होते. लपवायला नाही, वाचायला बरं वाटतं म्हणून. वाक्य बघताना माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "सर, क्लायंटला मी आज सांगते. सोमवारी कळलं तर ते विचारतील, गुरुवारी का नाही सांगितलं."

सरांनी ड्राफ्ट परत ओढून घेतला. म्हणाले, त्यांना फोनवर सांगू नका, इथे बोलवा. मीही बसतो.

गायकवाड संध्याकाळी आले. मी सरळ सांगितलं. त्यांनी पाकिटाचा नमुना हातात घेतला आणि हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, मी कोलंबी खातो. माझ्या घरी चालेल. पण हा ठिपका बघून जो घेतो, तो माझ्या भरवशावर घेतो ना?" मग विचारलं, "दुसरं कवच मिळेल?"

आम्ही मक्यातल्या प्रथिनाचं कवच करून बघितलं. पहिले काही घाणे गुठळ्या होऊन तळाशी बसले. जमलं तेव्हा नवीनच गोष्ट कळली. ओव्याचं तेल तेवढंच होतं, पण जंतू पहिल्याइतके मरेनात. म्हणजे आधीच्या सुंदर आकड्यांत बरंच काम कायटोसानने स्वतःच केलं होतं आणि श्रेय आम्ही ओव्याला देऊन मोकळे झालो होतो. रिकाम्या कुप्यांची वेगळी टेस्ट घ्यायला हवी होती. घाईत ती राहिली. हेही मी रिपोर्टमध्ये लिहिलं. सावंत सरांनी वाचून सही केली, एक शब्द बदलला नाही.

नव्या कवचाने चारऐवजी तीन दिवस मिळाले. कॅन्टीनवाला थांबला नाही, काम दुसऱ्याला गेलं. गायकवाडांचा अर्ज नव्या रिपोर्टसह गेला आहे, उत्तर यायचं आहे. तोवर ते पूर्वीसारखेच रोज ताजे मूग पोचवतात. आम्हाला त्यांनी दुसरं काम दिलं, मटकीचं. कारण मी विचारलं नाही.

आमच्या प्रोजेक्टच्या फॉर्ममध्ये आता एक कॉलम वाढला आहे: हा घटक मुळात कशापासून बनतो? भरायला अर्धं मिनिट लागतं. मला तो सुचायला नोकरीची वीस वर्षं लागली.