बोलावलेल्यांना आधी घोट

काल दुपारी आपण पाहुण्यांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत स्वतः जेवलो.

त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी हे रागात लिहिते आहे. राग शांत होईपर्यंत थांबले, तर सभ्य भाषेत काहीतरी गुळगुळीत लिहीन. म्हणून आजच.

गेल्या आठवड्यात लिगाया गेली. इथे ट्रॉय शहरातल्या आमच्या टेस्ट लॅबमध्ये माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायची. आपल्या गणपतीला दरवर्षी यायची आणि मोदकांवर तुटून पडायची. मूळची फिलिपिन्समधल्या पलावान बेटावरची, तागबानुआ समाजातली.

काल आपल्या मराठी मंडळाने तिच्यासाठी शोकसभा ठेवली. हेतू चांगला होता, हे मान्य.

मग जेवणाच्या वेळी मंडळाचे कार्यक्रम बघणाऱ्या श्रीकांतकाकांनी सीडी लावली. तिच्याच घरची, तिच्या समाजाच्या गाँगची. बॅकग्राउंड म्युझिक म्हणून.

ते संगीत काय आहे, हे आता शांतपणे समजून घ्या. समजावून सांगायची मला खोडच आहे, आज ती सहन करा.

मोठा गाँग, म्हणजे धातूची जाड थाळी, टांगलेला असतो. मधल्या फुगवट्यावर मऊ टोकाच्या दांड्याने मारतात आणि तो खोल, लांब घुमतो. छोट्या गाँगच्या काठावर बारीक काठी वाजते. तो ताल इतका टोकदार, की घुमणाऱ्या आवाजातूनही आरपार ऐकू येतो. सोबत ढोल. आवाज आणि कंपनं मोजणं हा माझा व्यवसाय आहे, आणि तरीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोजायचं विसरले होते!

पण हे वाजतं कशासाठी? त्या विधीचं नाव पागदिवाता. गाँगने वरच्या देवांना आणि आपल्या मृतांना बोलावतात. बाबायलान, म्हणजे विधी चालवणारी जाणती व्यक्ती, नाचू लागते आणि ते तिच्या अंगात येतात. समोर मातीच्या रांजणात तांदळाचं मद्य असतं, ताबाड, आणि ते बारीक नळ्यांनी प्यायचं असतं. त्यांच्या जगात ताबाड मिळत नाही. त्याच्या ओढीने ते येतात.

म्हणजे गाँग हे आमंत्रण आणि रांजण हा पाहुणचार.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या कार्यक्रमात काकांनी तिला गाँग वाजवायची गळ घातली होती. मी समोरच होते.

"लिगाया, जस्ट फाइव्ह मिनिट्स. पोरांना मजा येईल."

"रांजण ठेवू द्याल?"

"हॉलमध्ये अल्कोहोल अलाउड नाही गं. ग्रेप ज्यूस ठेवूया की!"

ती मोठ्याने हसली. "काका, सत्यनारायणाला शिऱ्याऐवजी ब्राउनी चालेल?"

तिने पर्यायही दिला होता: आरुदिंग वाजवते म्हणाली. बांबूची, तोंडाशी धरून वाजवायची, आपल्या मोरचंगाची बहीणच. ती करमणुकीची, ती ऐकून कुणी देव येत नाहीत.

"मागच्या रांगेत ऐकू नाही येणार," काका म्हणाले आणि विषय संपला.

मीच तेव्हा उत्साहात सांगितलं होतं, की 'दिवाता' म्हणजे आपला 'देवता' हाच शब्द, समुद्रापार गेलेला. काकांनी त्यातलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं.

काल मी सीडी प्लेयरकडे धावले तेव्हा ते म्हणाले, "अगं मीनल, देवताच ना शेवटी? म्हणजे आपलंच की! आणि तिलाच श्रद्धांजली आहे ना ही?"

आपलंच?

आपलं असतं तर प्राणप्रतिष्ठा करून नैवेद्याआधी पंगत बसवली असती का, काका?

"वाइब मस्त आहे यार," कुणीतरी श्रीखंड वाढून घेत म्हणालं. काकूंनी "जरा हळू करा हो, बोलणं ऐकू येत नाही," असं सांगितलं. लोक येत होते, जात होते. गाँग बोलावत होता.

माझं बोट बटणावर होतं. तेवढ्यात मारीने, लिगायाच्या मुलीने, माझा हात धरला.

"डोन्ट. ते निघालेत, मावशी. अर्ध्या वाटेवर कसं सोडायचं?"

"मग काय करू?"

"जेवण थांबवायला सांग. आधी ते, मग आपण."

मी माइक घेतला. मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. दोन शब्दांत सगळं समजावलं. फार तर पाचसहा जणांनी ताटं खाली ठेवली. बाकीच्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "पुऱ्या गार होताहेत," काका म्हणाले.

पुऱ्या!

सीडी संपेपर्यंत मारी भिंतीशी उभी राहिली, रिकाम्या हातांनी. मग मला म्हणाली, "चल घरी."

त्यांच्या बेसमेंटमध्ये रांजण होता. लिगायाने आजारपणातच ताबाड आंबवायला लावलेला. बॅकयार्डातल्या वांग्यांनाही ती 'माझी कापणी' म्हणायची, आणि कापणीनंतर ताबाड ठेवून आभार मानायचे असतात.

मारीने तोंडावरचं फडकं सोडलं, पाणी ओतलं, नळ्या खोचल्या. गाँग वाजवला नाही.

"हा पागदिवाता नाही," तिने बजावलं. "बाबायलान नाहीये, मला अधिकार नाही. त्यांना फक्त सॉरी म्हणायचंय. आणि मॉमला सांगायचंय, की तुझ्या नावाने बोलावलेलं कुणी तहानलेलं परत गेलं नाही."

आम्ही नळ्यांना हात न लावता बसून राहिलो. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून नाहीसं झालं. मग मारीने मान डोलावली आणि मी एक घोट घेतला. आंबट, थोडा गोड, आपल्या पेजेच्या दूरच्या नात्यातला.

राग तरीही उतरलेला नाही. काका, तुम्हाला या पोस्टवर टॅग केलं आहे. ती सीडी मारीला परत द्या. आणि पुन्हा कुणाला श्रद्धांजली वाहाल, तर त्या माणसाने जिवंतपणी काय नको म्हटलं होतं, तेवढं आधी आठवा.

लिगाया, घोट घेतलास ना?

मग सावकाश जा.