वळताना मागे राहणारा पाय

तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. घरात कुणाला माहीत नाही – नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा मी हे गुळगुळीत करूनच बोलले.

गेल्या महिन्यात गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, मोठा बॅनर. बॅनरवर माझा फोटो आणि खाली – 'नव्या पिढीसाठी स्वतःची जागा सोडणारी रणरागिणी'. मी स्टेजवर बसून हसत होते. आतून मात्र असा संताप येत होता की तो नारळ उचलावा आणि स्वतःच्याच कपाळावर फोडावा. जागा सोडली म्हणे! मी जागा सोडली नव्हती. मी पळाले होते.

थांबा. नीट सांगते. नाहीतर पुन्हा गुळगुळीत होईल.

उलव्याजवळ आमचं आगरी गाव. गावात मुलींचा कबड्डी संघ आहे, आणि काही वर्षांपूर्वी त्यातली मुख्य चढाईपटू होते मी – वैशाली. समोरच्या सात जणींच्या अर्ध्या मैदानात एका दमात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि धरायच्या आत परत यायचं, हे माझं काम. लग्न झालं, मुलगी झाली, तरी पहिली चढाई माझीच. पण तिशी उलटली की पायांना कळायला लागतं. आपल्याला कबूल करायला वेळ लागतो, ती गोष्ट वेगळी.

मग संघात प्रगती आली. तिचे वडील पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. मराठवाड्यातलं बौद्ध कुटुंब, आमच्याच चाळीत भाड्याने राहणारं. नुकतीच बारावी झालेली पोर, पोलीस भरतीची तयारी करणारी. पाय असे की मॅटला लागतात की नाही, शंका यावी.

गावात दोन तट पडले. तरुण पोरं म्हणायची, हिला उतरवा, वैशालीताईचं झालं आता. जुनी माणसं म्हणायची, भाडोत्र्याची पोर आपल्या गावची चढाई करणार काय? आमच्या दामूसरांना यातलं काहीच पटत नव्हतं. सर आमचे कोच. त्यांचं एकच म्हणणं – "पोर सोनं हाय. पन अजून एक वरीस वैशूच्या मागं बसू दे. बघून शिकंल." आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, तिला तयार करायचं काम तुझं.

केलं का मी? तिला जे येत होतं त्याचीच मी वाहवा केली. जे येत नव्हतं – त्याबद्दल गप्प राहिले. तिच्यात एक खोट होती. शिवून परत फिरताना तिचा डावा पाय क्षणभर मागे राहायचा. आमच्या पोरींना ती इतक्या झपकन चुकवायची की सरांच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पहिल्याच आठवड्यात आलं. आज सांगू, उद्या सांगू असं करत मी मोसम काढला. 'राहून गेलं' म्हणू का याला? नाही म्हणणार. राहून काही गेलं नाही. मी ते राखून ठेवलं होतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत उपांत्य सामना पेणकडच्या संघाशी आला. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात एक मुलगी उभी राहायची. आदल्या वर्षी तिने माझा घोटा पकडला, मी खांद्यावर आपटले आणि खांदा निखळला. तिची काही चूक नव्हती, खेळच तो आहे. पण माझ्या मनात भीती बसली. भाकरी थापताना मध्येच तिची पकड आठवायची आणि हात थांबायचा. मुलीची वेणी घालताना आठवायची. आणि हे सांगणार कुणाला? 'वाघीण' म्हणायचे ना मला सगळे!

सामन्याच्या दिवशी दुपारी शाळेच्या वर्गात आम्ही कपडे बदलत होतो. मी अचानक मांडी धरली आणि खाली बसले. मांडीला काहीही झालं नव्हतं. नखाएवढंही नाही.

"सर, मांडीची शीर ओढली," मी म्हटलं. "पाय टाकवत नाय."

सर माझ्याकडे बघत राहिले, मग प्रगतीकडे. "वैशू, तू बोल. उतरवू हिला? तयार हाय ही?"

मला विचारलं त्यांनी. गावच्या क्रीडा कमिटीला नाही, तरुण मंडळींना नाही. तिला सगळ्यात जवळून मीच पाहत होते, म्हणून मला.

"तयार हाय," मी म्हटलं. वर आणखी काय बोलले, ऐका – "मी तरी किती दिवस जागा अडवून बसू?" पोरींनी टाळ्या वाजवल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाक्य गावभर झालं. खोटी मांडी धरून बोललेलं वाक्य!

सर बाहेर गेल्यावर प्रगती माझ्यासमोर उकिडवी बसली. बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली, "ताई, माझं काही चुकत असंल तर आत्ता सांगा ना. लई भ्या वाटायलंय."

वळताना डावा पाय ओढून घे. एवढंच. श्वास सोडायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. तिने ऐकलंही असतं, ती माझं सगळं ऐकायची.

"काही चुकत नाय," मी म्हटलं. "बिनधास्त जा."

पहिल्या चढायांत तिने गुण घेतले. आमचे लोक शिट्ट्या मारायला लागले. भाडोत्र्याची पोर म्हणणारेसुद्धा उभे राहून ओरडत होते. मग ती डाव्या कोपऱ्याकडे गेली. शिवली, वळली, आणि पाय मागे राहिला. घोट्यावर हात पडला, वरून दोघी आल्या, आणि गुडघा नको तिकडे वळला. 'कबड्डी, कबड्डी' चाललं होतं ते तुटलं आणि त्याच दमात किंकाळी आली.

गुडघ्यातला लिगामेंट फाटला होता. ऑपरेशन झालं. चालते ती, पण धावणं संपलं. म्हणजे पोलीस भरतीही संपली. आता न्हावा शेवा बंदरावर एका एजंटच्या ऑफिसात कंटेनरचे कागद बघते. हॉस्पिटलात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही होता म्हणून मला मॅटवर उतरायला तरी मिळालं." मी काय केलं? तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

गावाला कुणीतरी दोषी लागतोच. काही म्हणाले, पोरीला हाव सुटली, कुवत नसताना उतरली. पिठाच्या गिरणीत माझ्यासमोर बोलले, आणि मी डबा घेऊन गप्प उभी होते. बाकीच्यांनी सरांना धरलं – कच्च्या पोरीला घाई केली म्हणून. सरांना! जे वर्षभर 'बसू दे, बसू दे' म्हणत होते त्यांना. कमिटीच्या बैठकीत सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. 'वैशूनं सांगितलं' असं म्हणायचा त्यांना हक्क होता. ते तसं म्हणाले नाहीत. शिट्टी टेबलावर ठेवली आणि गेले. त्यानंतर त्यांनी कुणाला शिकवलं नाही.

आणि मी? पुढच्या मोसमात परत उतरले. मांडी बरी झाली होती ना! पेणची ती मुलगी तोवर लग्न होऊन गेली होती. मुख्य चढाईपटू – मीच. दुसरी होतीच कोण?

इतकंच असतं तर मी याला भित्रेपणा म्हटलं असतं आणि कदाचित केव्हाच सांगूनही टाकलं असतं. भिणाऱ्याला लोक समजून घेतात. पण सामना चालू असताना मी मैदानाबाहेरच्या बाकावर काय करत होते, ते अजून सांगितलेलं नाही.

ती गुण घेत होती आणि मी टाळ्या वाजवत होते. माझी नजर तिच्या डाव्या पायावर होती. प्रत्येक वळणाला मी वाट बघत होते. ती जिंकून परत आली असती तर मला पुन्हा कुणी उतरवलं नसतं, हे मला कळत होतं. मला ती पडायला हवी होती.

एवढं लागावं असं काही मला वाटलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं आहे. किती लागेल, याचा मी विचारच केला नव्हता.