दोन बोटं अडलेली खिडकी

मापाच्या बाबतीत मास्तरांशी कुणी वाद घालत नसे. गळ्यात टेप टाकून ते दुकानाच्या दारात उभे राहिले, की समोरून जाणाऱ्याची छाती आणि कंबर त्यांना नुसत्या नजरेनं कळायची, आणि ती त्याला ऐकवायची त्यांना खोडही होती. "काय, जरा सुटलात की," असं भर रस्त्यात म्हणायचे. लोक हसून सोडून द्यायचे, कारण मास्तरांनी शिवलेला कपडा अंगावर बसायचा. त्यांची कात्री जितकी सरळ चालायची तितकीच जीभ वाकडी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बायकोला तर लग्नानंतर चार दिवसांतच कळलं होतं.

या बायकोला एक थोरला भाऊ होता. त्यांना सगळे दादाच म्हणत. जन्मभर त्यांनी बस चालवली. मग उतरत्या उजेडात दिसेनासं झालं. दिवसा सगळं लख्ख दिसायचं, पण दिवेलागण झाली की रस्ता आणि फुटपाथ एकच व्हायचा. डेपोत डोळे तपासले आणि निवृत्तीच्या आधीच त्यांच्या हातातून बस काढून घेतली. उरलेली नोकरी त्यांनी सुट्या भागांच्या खोलीत बसून काढली. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलत नसत, आणि कुणी विचारतही नसे. त्यांची बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे, आणि त्या इमारतीचा जिना भर दुपारीही अंधारा.

"एक दिवस त्या जिन्यावरून पडेल दादा," मास्तरांची बायको म्हणाली. "आपल्या मागच्या मोकळ्या जागेत एक खोली काढू. त्याला इकडे आणू."

इथे मास्तरांचं कौतुक करायला हवं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, मेहुणा घरात येणार म्हणून तोंड वाकडं केलं नाही. उलट म्हणाले, "खिडकी मोठी ठेवू. त्यांना उजेड लागतो."

आढेवेढे घेतले ते दादांनीच. बहिणीच्या घरी आयतं जाऊन बसणं त्यांना पटेना. शेवटी त्यांनी अट घातली. पाया आणि छप्पर गवंडी करेल, भिंती मात्र तिघांनी मिळून उभ्या करायच्या. तरुणपणी, बसवर लागायच्या आधी, त्यांनी बांधकामावर काम केलं होतं. हात विसरले नव्हते.

पाऊस आटोपला आणि काम सुरू झालं. थंडीला अजून वेळ होता. आभाळ धुऊन पुसल्यासारखं निळं, ऊन असं की पाठ करून बसावं आणि उठूच नये. विटांची ओळ सरळ यावी म्हणून दादा दोरी ताणून बांधायचे, तिच्यावर चतुर येऊन बसायचे. कुंपणाकडचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. मास्तर दुकान अर्धा दिवस बंद ठेवून यायचे आणि बाह्या दुमडून घमेली उचलायचे. बायको सिमेंट-वाळू कालवायची. दादा दोरीला नाक लावून एकेक वीट बसवायचे, थापीच्या मुठीनं हलकेच ठोकायचे आणि पुढच्या विटेसाठी न बघता हात मागे करायचे. त्या हातात वीट ठेवायला मास्तरांना मजा यायची, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं.

दुपारी तिघं रचलेल्या विटांवर बसून चहा प्यायचे. ओतायचं काम दादांचं.

"मास्तर, तुमच्या बाजूची रांग जरा पोट काढतेय," दादा म्हणायचे.

"तिला सैल शिवलीय मुद्दाम. पुढे वाढेल."

बायको हसायची. हातापायांना सिमेंट, केसांत वाळू, आणि ती अशी हसत होती की मास्तरांना वाटलं, या खोलीचं काम दोन वर्षं पुरलं तरी चालेल. एरवी संध्याकाळी दोघं एकमेकांशी वाण्याच्या सामानाएवढंच बोलायचे.

खिडकी मास्तरांनीच शोधून काढली. जुन्या लाकडी सामानाच्या वखारीत एक दणकट चौकट पडली होती, कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यातली. ती बघायला निघताना दादांनी आपली स्टीलची टेप पुढे केली होती. "ही न्या."

"आणि माझ्या गळ्यातली काय शोभेला आहे?" मास्तर म्हणाले.

वखारीत त्यांनी चौकट मोजली आणि येऊन सांगितलं, "रुंदी चार फूट. पण काटेकोर चार हं." दादांनी स्टीलची टेप उन्हात धरली, आकड्यावर अंगठ्याचं नख टेकवलं, "चार," असं मोठ्यानं म्हणाले, शिवाय चौकट आत सरकायला लागते तेवढी जागा सोडली आणि भिंतीत खिडकीची मोकळी जागा ठेवून दोन्हीकडून विटा चढवल्या.

आठवड्यानं हातगाडीवरून चौकट आली. बघायला शेजारचे दोघे-तिघे जमले. मास्तरांनी एक बाजू धरली, दादांनी दुसरी, आणि दोघांनी ती उचलून भिंतीला लावली. चौकट आत जाईना. वाकडी करून पाहिली, वरून घालून पाहिली. दोन बोटं अडत होती.

"नव्या नवरीसारखी अडून बसलीय," शेजारी म्हणाला आणि लोक हसले.

मास्तरांना हसणं सहन होत नसे. लोकांच्या पोटावर बोलणाऱ्या माणसाला ते फार लागतं. त्यांनी चौकट खाली ठेवली, गळ्यातली टेप काढली, लाकूड मोजलं. चार. भिंतीतली जागा मोजली. चारापेक्षा कमी.

"चौकट चारच आहे," मास्तर म्हणाले. "चार म्हणजे किती, ते दिसतं का हो दादा तुम्हाला? उगाच नाही बस काढून घेतली तुमच्याकडून."

शेजाऱ्याला एकाएकी घरचं काम आठवलं. बायकोच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. दादांनी खिशातून स्टीलची टेप काढली, थोडी ओढली, आकड्याकडे बघितलं आणि मोजायच्या आधीच सोडून दिली. ती खटकन आत गेली.

"असेल," ते म्हणाले. "माझंच चुकलं असेल."

हात धुऊन, सायकल घेऊन ते निघून गेले. ऊन अजून चांगलं वर होतं.

रात्री बायको एवढंच म्हणाली, "असं बोलायला नको होतं." मास्तर म्हणाले, "खोटं बोललो का?" खोटं बोललेलो नाही या समाधानावर त्यांना झोपही लागली. दादा दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. बायको जाऊन आली. दादांचा निरोप असा होता की खोली तुम्हीच वापरा, जिना मला सवयीचा आहे.

सोमवारी दुकानात एक बाई शर्टांचं कापड घेऊन आल्या. मास्तरांनी मोजलं तर चांगलं वीतभर कमी भरलं.

"ताई, फसवलं तुम्हाला," मास्तर म्हणाले. "चला माझ्याबरोबर."

कापडवाल्याचं दुकान चार पावलांवर. मास्तर तावातावानं आत शिरले आणि दोन गिऱ्हाइकांसमोर त्याचा उद्धार केला. कापडवाला म्हातारा होता आणि त्याला घाई कसलीच नव्हती. त्यानं ऐकून घेतलं, धातूची मीटरपट्टी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "तुमची टेप द्या जरा." त्यानं ती पट्टीशेजारी सुरकुती काढून पसरली. शून्याला शून्य लावलं. पट्टी संपली तिथे टेपवर मीटर भरायला अजून चांगले दोन इंच बाकी होते.

"कधीची आहे ही?"

"दुकान काढलं तेव्हाची."

"ताणली गेलीय बिचारी," कापडवाला म्हणाला. "मास्तर, वर्षानुवर्षं लोक तुमच्याकडून येऊन माझ्याशी भांडतात. मला वाटायचं, माझ्यावर काही राग आहे तुमचा."

त्या बाई मास्तरांकडे बघत होत्या. मास्तर खजील होऊन कसेबसे दुकानात परतले आणि मशिनवर बसून राहिले. कपडे का बसत होते ते त्यांना आत्ता कळत होतं. ज्या टेपनं अंग मोजायचं त्याच टेपनं कापड कापायचं. टेप खोटं बोलायची ती दोन्हीकडे सारखंच, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आणि खिडकीच्या वेळी मध्ये दुसऱ्याची टेप आली होती, दादांची, आणि ती खरी होती. चौकट चारापेक्षा मोठी होती. दादांचे चार हे चारच होते.

आता असं बघा, शहाण्या माणसानं उठून सरळ मेहुण्याचं घर गाठलं असतं. मास्तरांनी नवी टेप विकत आणली. जुनी गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकली, वर बटणांचा डबा ठेवला. मग घरी जाऊन छिन्नी-हातोडी घेतली आणि खिडकीच्या जागेची एक कड तोडायला बसले. त्यांनी मनाशी हिशेब मांडला की खिडकी बसली म्हणजे प्रकरण मिटलं. दादांना बोलावू, ते बघतील, विसरून जातील. बोलायची गरजच पडणार नाही. दादांनी घट्ट बसवलेल्या विटा सुटता सुटत नव्हत्या. हाताला फोड आले, आणि ते आले याचं मास्तरांना बरंच वाटलं.

शुक्रवारी चौकट बसली. दुपारचं ऊन तिच्यातून आत आलं आणि ओल्या जमिनीवर पडलं. बायको दारात येऊन उभी राहिली. किती वेळ नुसती बघत होती.

"एक बोलू?" ती म्हणाली. "मला तुमचा फार राग आला होता. पण तुम्ही एकट्यानं हे केलंत, पुन्हा एक शब्द बोलला नाहीत. दादाची चूक पोटात घातलीत. मला वाटलं नव्हतं."

मास्तरांच्या हातात छिन्नी होती. ते म्हणाले, "असू दे." हे दोन शब्द तोंडातून निघाले आणि त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी बायकोकडे पाठ केली. हासडलेली शिवी माणसं विसरतात. फुकट घेतलेली ही शाबासकी मात्र कधी विसरली जाणार नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं.

"दादा आला असता तर," ती पुढे म्हणाली. "पण त्यानं मनच सोडलंय. सायकलसुद्धा देऊन टाकली खालच्या सायकलवाल्याला. म्हणतो, चाराचा आकडा दिसत नाही तर समोरून येणारा माणूस काय दिसणार."

मास्तरांनी छिन्नी खाली ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं. थोड्या वेळानं तिनं आतून त्यांच्या चपला आणून त्यांच्या पायांपाशी ठेवल्या.

दादांच्या जिन्यावर मास्तर स्वतःच दोनदा अडखळले. दार शेजारणीनं उघडलं. ती दादांच्या कपात चहा ओतायला आली होती. "सांडेल म्हणून मी ओतत नाही हल्ली," दादा म्हणाले. खिडकीतून चांगला उजेड येत होता, आणि तरी ते खुर्चीचा हात चाचपून बसले. पंधरा दिवसांपूर्वी हा माणूस दोरीवर विटा रचत होता. मास्तरांना तिथून पळून जावंसं वाटलं.

"खिडकी बसली," मास्तर म्हणाले.

"बरं झालं."

"दादा, माझी टेप ताणलेली आहे. चौकटीचं माप मी चुकीचं दिलं होतं."

दादांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मला तो आकडा नीट दिसला होता?"

मास्तरांनी मान डोलावली. पण दादा अजून ऐकायला थांबलेच होते. आता त्यांचा आपल्या डोळ्यांवर इतकाही भरवसा उरला नव्हता.

"हो," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "नीट दिसला होता तुम्हाला. बरोबर चार."

शेजारणीचा हात किटलीवरच थांबला होता.

"हे कधी कळलं तुम्हाला?" दादांनी विचारलं.

"सोमवारी."

दादांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "सायकल मी गुरुवारी दिली."

माफीचा शब्द मास्तरांनी वाटेत घोकला होता, तो तसाच राहिला. मग दादा उठले, पायांत चपला घातल्या आणि शेजारणीला म्हणाले, "चहा झाकून ठेवा, आलोच." मास्तरांना म्हणाले, "चला, सायकल परत आणू."

"मी आणतो की."

"मागायची तुम्हीच. मी नुसता उभा राहतो. त्यानं विचारलं, एकदा दिलेली परत का हवी, तर काय ते सांगा त्याला."

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत तेच. सगळं. बसचं बोललात तेसुद्धा."

दादा पुढे, मास्तर मागे, असे दोघं जिना उतरले. सायकलवाल्याच्या दुकानात गर्दी होती. त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर मास्तरांनी शिवलेले शर्ट होते. सायकलवाल्यानं पंक्चरच्या ट्यूबवरून मान वर केली आणि विचारलं, "बोला मास्तर, काय काम काढलं?" बाकीचेही वळून बघायला लागले. दादा बाजूला खांबापाशी जाऊन उभे राहिले, आणि मास्तरांनी बोलायला सुरुवात केली.