देविदासच्या नावाचं पान

देविदास महापौर झाल्याची खबर आली त्या दिवशी त्याच्या गावात, साखऱ्यात, पेढे वाटले गेले, आणि वाटणाऱ्यांतले निम्मे त्याच्या तेरवीला जेवलेले होते.

म्हणजे झालं होतं असं. देविदास डावखुरा. डाव्या हातानं घास उचलला की बाप किसनराव पाठीत रट्टा घालायचा. गावचा शिंपी इस्माईलचाचा मात्र मायाळू. त्यानं पोराच्या सदऱ्याला खिसा उजव्या बाजूला लावून दिला, डावा हात सहज पोचावा म्हणून. असा सदरा पंचक्रोशीत एकच. एका पोळ्याला बापानं भरल्या पंगतीत झोडपलं, तेव्हा मिसरूडही न फुटलेलं हे पोरगं पानावरून उठलं ते थेट गाव सोडून निघालं. बाप जिता आहे तोवर तोंड दाखवणार नाही, अशी शपथ घेऊन. शपथा घ्यायला त्या वयात काय लागतं!

कळमनुरीच्या बसस्टँडवर त्याला त्याच्याच वयाचं एक पोरगं भेटलं. अंगात फाटकं बनियन, सोबत कुणी नाही. अंगातला उजव्या खिशाचा सदरा बघून आपल्याला कुणीही ओळखेल, अशी देविदासला धास्ती. त्यानं सदरा काढून त्या पोराला दिला, त्याचं बनियन स्वतः घातलं आणि समोर लागलेल्या गाडीत चढला. पोराला नाव विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

थोड्याच दिवसांत कयाधूला पूर आला. पाणी ओसरल्यावर काठच्या बाभळीत अडकलेलं एक पोर सापडलं. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. किसनरावांनी इस्माईलचाचाला सोबत नेलं. चाचानं उजवीकडच्या खिशावर बोट ठेवलं आणि तिथंच खाली बसला. "बराबर हाय, किसनराव. माझीच शिलाई हाय." मग साऱ्या गावानं रडून रडून देविदासला जाळलं.

इकडे हा मेलेला माणूस दूरच्या एका मोठ्या शहरात भाजीबाजारात पोती उचलत होता. पुढे हमालांचा पुढारी झाला. भांडखोर म्हणून आधी गाजला, मग नगरसेवक म्हणून निवडून आला, पुन्हा आला, आणि एक दिवस महापौराच्या खुर्चीत बसला. सगळं झालं, पण दर भादव्यात त्याला काहीतरी व्हायचं. भरल्या ताटावर बसला तरी घास घशाखाली उतरायचा नाही, आणि न जेवताच पोट भरल्यासारखं वाटायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, निघालं काहीच नाही.

महापौराचा फोटो पेपरात छापून आला तेव्हा वसमतचा एक हळदीचा व्यापारी त्याला शोधत आला. किसनराव वारल्याचं त्यानंच सांगितलं. सदऱ्याचं आणि तेरवीचंही सांगितलं. आपल्या सदऱ्यात दुसरंच कुणी गेलं, हे देविदासला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून गर्दीत कुणाचा सदरा दिसला, की त्याची नजर आधी खिसा कोणत्या बाजूला आहे ते बघते.

तो गावी गेला. आई पद्माबाईनं त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि पोटभर रडली. पण पंचमीचं पान काही तिनं सोडलं नाही. पित्तरपाटातली पंचमी बिनलग्नाच्या गेलेल्यांची असते. त्या दिवशी ती अजूनही देविदासच्या नावानं कावळ्याला वाढते. यंदा तो मुद्दाम पंचमीलाच आला. ते पान बंद करायचं आणि आपलं नाव जित्या माणसांत परत आणायचं, एवढंच त्याला हवं होतं.

"आई, मी समोर उभा हाय. माझ्या नावानं कावळ्याला काहून वाढून राहिलीस?"

"तू हायस ते मला दिसत न्हाई व्हय?" पद्माबाई वडे तळत म्हणाली. "पन आमी ज्याला जाळलं त्याचं नाव काय, ते सांग. सांग, आन् आत्ताच त्या नावानं हाक मारते."

सभागृह दणाणून सोडणाऱ्या महापौरानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"न्हाई ना ठावं? मंग तुझंच चालू दे त्याला. तुला सारं शहर वाढून राहिलं. त्या लेकराला कोन वाढंल? त्याच्या मायला तर ते मेल्याचंबी ठावं नसंल." तिनं कढी, वडे, खीर वाढलेलं पान त्याच्या हातात दिलं. "माझे गुडघे गेले. तूच ठिव जा वर."

देविदास त्यानंच बांधून दिलेल्या स्लॅबवर चढला. पान ठेवून त्यानं 'का, का' केलं. लिंबावर कावळे बसलेले होते, एकही हलला नाही. तो पुन्हा ओरडला. ऊन चढलं, खिरीवर साय धरली.

"नाव घेऊन बोलाव," खालून आई म्हणाली. "तसा न्हाई यायचा तो."

त्याला ते तोंडातून काढवेना. शेवटी हात जोडून तो म्हणाला, "देविदास, ये रे बाबा. जेवून घे."

कावळा लगेच आला. त्याच्याकडे एकदा मान वाकडी करून बघितलं आणि खिरीत चोच घातली. सकाळपासून देविदास उपाशी होता, आणि आता न जेवताच त्याचं पोट भरलं.

पान बंद करायचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

आता सभागृहाच्या दाराशी शिपाई त्याचं नाव पुकारतो आणि सगळे उठून उभे राहतात. देविदास लगेच आत जात नाही. दारात दुसरं कुणी नसतं, तरी कडेला सरकून तो कुणाला तरी आधी जाऊ देतो, आणि मग त्याच्या मागून आत शिरतो.